राजूर घाटात मागे कोण थांबलं होतं?

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. स्वतः मात्र कधी लिहिलं नाही... म्हणजे लिहिलंय, पण खाली कमेंटमध्ये. "झोप पूर्ण झाली नव्हती का?", "पाणी कमी प्यायलात, दुसरं काही नाही", "मग मोबाईलमध्ये शूट का नाही केलं?" — प्रत्येक अनुभवाखाली असला एक अतिशहाणा असतो बघा, तो मी. एका ताईंनी त्यांच्या वडिलांचं काहीतरी फार मनापासून लिहिलं होतं, तिथे मी नुसते हसणारे चेहरे टाकून आलो होतो. ताई, वाचत असाल तर माफ करा.

तर भूत, भास, अंगात येणं यातलं काहीच मी मानत नव्हतो. आजही "मानतो" म्हणायला जीभ रेटत नाही. आणि आधीच सांगतो, यात घाबरण्यासारखं काही नाही. भर दुपार, चालता डांबरी रस्ता, लख्ख ऊन. मला त्या दिवसाची भीती वाटत नाही, लाज वाटते. ती कुठेतरी ओकल्याशिवाय चैन पडायचं नाही म्हणून लिहितोय.

माझं नाव प्रशांत. राहायला पुण्यात, मूळचा वडनेर भोलजीचा, म्हणजे मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं हायवेवरचं गाव. नोकरी काँप्युटरवरची, वेड मोटरसायकलचं. लडाख केलं, स्पिती केलं, भूतान केलं. दोन वर्षांपूर्वी व्हिएतनामच्या उत्तरेत डोंगरातल्या रस्त्यांवर एकटा जाऊन बाईक चालवून आलो. त्या सगळ्याचे व्हिडिओ करतो, ते लोक बघतात. नातेवाइकांत आपली थोडी हवा आहे. होती.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या पुण्याच्या रायडर ग्रुपला मी माझ्या भागात घेऊन गेलो. सहा-सात बाईक. पहिला मुक्काम संभाजीनगर, दुसऱ्या दिवशी धाड, बुलढाणा, राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर, रात्री आमच्या घरी वडनेरला जेवण, आणि तिसऱ्या दिवशी चिखलदरा. "तुमच्याकडे बघण्यासारखं आहे तरी काय?" असं पुण्याची मंडळी नेहमी विचारायची. त्यांना घाट दाखवायचा होता. पावसाळा संपला की राजूर घाट असा काही हिरवा होतो, की विदर्भ म्हणजे नुसतं ऊन समजणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत.

आता बाईकवाल्यांची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. ग्रुपमध्ये सगळ्यात पुढे जो चालतो तो लीड. सगळ्यात मागे चालतो तो स्वीप. स्वीपनं कधीही, कुणालाही ओव्हरटेक करायचं नाही. कुणाची गाडी बंद पडली, कुणी पडलं, कुणाला नुसतं लघवीला थांबायचं असलं तरी स्वीप त्याच्याजवळ थांबतो. प्रत्येक थांब्यावर स्वीप शेवटी येतो, हात वर करून अंगठा दाखवतो, आणि तो अंगठा दिसल्याशिवाय लीड गाडी चालू करत नाही. ओळखू यावा म्हणून स्वीपच्या अंगात पिवळं चमकणारं रिफ्लेक्टर जाकीट असतं. आमच्या ग्रुपात ते एकच आहे. रस्ता माझ्या ओळखीचा, म्हणून त्या दिवशी ते माझ्या अंगात होतं.

धाडला माझे साडू राहतात, गजानन. माझ्या बायकोच्या, सीमाच्या, मोठ्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना गजाभाऊ म्हणतो. घरची शेती मोठी, दहा-बारा म्हशी, दुधाचा धंदा. पोट सुटलेलं, आवाज असा की बोलायला लागले की शेजारच्या घरातून कुणीतरी "काय झालं?" म्हणून डोकावतं. माणूस सोन्यासारखा. पण माझे पुण्याचे मित्र सोबत असताना मला ते जरा... कसं सांगू... जड व्हायचे.

त्यांच्या अंगणात आमच्या गाड्या लागल्या तसे ते माझ्या गुडघ्यांवरची पॅडं दाबून बघायला लागले.

"काय बे साडू, हे काय बांधून राह्यला? क्रिकेट खेयाले चालला का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण "रायडिंग गियर आहे ते, सेफ्टीसाठी असतं," असं अगदी पुण्याच्या मराठीत बोललो. लग्नानंतर मी "मले-तुले" सोडलंय. मुद्दाम सोडलंय. ऑफिसात पहिल्या वर्षी माझ्या बोलण्याच्या नकला व्हायच्या, तेव्हापासून.

मंदाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळ्यांना कचोऱ्या आणि पेला पेला दूध पाजलं. निघताना बघतो तर गजाभाऊ आपली गाडी काढून तयार. जुनी साधी बाईक, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवायचे लोखंडी हूक, एका हुकाला सीताफळांची पिशवी, डोक्यावर रुमाल बांधून त्यावर हेल्मेट.

"मी बी येतो तुह्या घरापर्यंत. तुह्या आईले सीताफळं द्याची हायेत. अन् मले बी पाहू दे, टूर टूर म्हणता ते काय असते!"

नाही कसं म्हणणार? निघालो. बुलढाण्यापर्यंत मी स्वीप म्हणून मागे, माझ्यापुढे गजाभाऊ. हूक खडखडतायत, ते दर दोन मिनिटांनी मागे वळून मला हात करतायत. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर मित्रांची चेष्टा चालू होती, "प्रशांत, तुझा सपोर्ट व्हेईकल भारी आहे!" गजाभाऊंकडे इंटरकॉम नव्हता, त्यामुळे त्यांना काही ऐकू गेलं नाही. मी त्या चेष्टेत हसत होतो.

घाटाच्या तोंडाशी सगळे फोटोला थांबले. तिथून खाली रस्त्याची वळणं एकाखाली एक दिसतात. मला एक शॉट हवा होता — आमच्या सगळ्या बाईक एका ओळीत वळणं उतरतायत आणि मी पुढून त्यांना टिपतोय. त्यासाठी मला पुढे जायला लागणार होतं. आमचा लीड निखिल म्हणाला, "आणि मागे कोण?"

"गजाभाऊ आहेत ना. लोकल आहेत, त्यांना रस्ता पाठ आहे," मी म्हणालो.

आणि मग मी त्यांच्याकडे गेलो. हे लिहिताना माझे कान तापतायत. मी म्हणालो, "गजाभाऊ, तुम्ही जरा थांबून या हं. आम्ही खाली गेलो की मग निघा. म्हणजे काय, फ्रेममध्ये..." त्यांनी आपल्या गाडीच्या हुकांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसले.

"समजलं बे! माह्या गाडीनं शो खराब होते. जा तुमी, मी येतो मांगून हयूहयू."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

शॉट मस्त मिळाला. फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा राहून, एका हातात कॅमेरा धरून, मी पुढून मागून सगळे अँगल घेतले. अंगात स्वीपचं पिवळं जाकीट, आणि मी सगळ्यांच्या पुढे.

मोताळ्याला चहाला थांबलो. चहा झाला. गजाभाऊ आले नाहीत. निखिलनं विचारलं, तर मी म्हणालो, "त्यांना रस्त्यात दर दहा पावलांवर ओळखीचा भेटतो. बसले असतील गप्पा हाणत. मलकापूरला गाठतील." निखिल गाडीवर बसला आणि माझ्याकडे बघायला लागला, अंगठ्यासाठी. मी अंगठा दाखवला. पिवळ्या जाकिटातल्या माणसानं दाखवला, म्हणून सगळ्यांनी विश्वास ठेवला आणि गाड्या निघाल्या.

मलकापूरला पेट्रोल पंपावर सीमाचा पुण्याहून फोन.

"अहो, ताईशी बोलले आत्ता. भाऊजींच्या पायाचं हाड मोडलंय, पण बाकी ठीक आहेत. वेळेवर बुलढाण्याला आणलं म्हणाले डॉक्टर." ती रडत होती. "तुम्ही होतात म्हणून हो! ताई सारखी तेच म्हणतेय, प्रशांतरावांनी एक मिनिट सोडलं नाही त्यांना. मी तुमच्या त्या बाईकच्या नादावर किती बोलते... सॉरी."

मला काही कळेना. कुठलं हॉस्पिटल? कोण होतं? मी तर इथे, पेट्रोल भरतोय.

"आता तिथेच आहात ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

एका शब्दाचं खोटं. त्या क्षणी "कसलं काय, मी मलकापुरात आहे" एवढं म्हटलं असतं तर हा सगळा पुढचा प्रकार मला सोसावा लागला नसता. पण ती पहिल्यांदा माझ्याविषयी अशा आवाजात बोलत होती... आणि मी "हो" म्हणून बसलो.

मित्रांना वडनेरला पाठवलं आणि एकटा उलटा बुलढाण्याकडे सुटलो. घाट चढताना, वरच्या वळणांपैकी एकावर, रस्त्याच्या कडेला झाडाखाली गजाभाऊंची गाडी दिसली. नीट स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं. एक हूक वाकलेला, आरसा फुटलेला. वळणावर दुरुस्तीच्या कामाची खडी पसरली होती, तीवर घसरल्याचा लांब ओरखडा. सीताफळांची पिशवी गाडीला नव्हती. त्या गाडीचं वजन मला माहीत आहे, त्यांचंही माहीत आहे. मोडक्या पायानं त्यांनी ती उचलून लावली असेल हे शक्यच नव्हतं.

हॉस्पिटलात पोचलो. मंदाताईंनी मला पाहिलं आणि माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. माझ्यापेक्षा मोठी बाई! मी हात सोडवून घ्यायला बघतोय, त्या सोडत नाहीत. चिखलीहून सासरेही आले होते. ते कधी माझ्याशी धड बोलत नाहीत, त्यांनी पाठीवर थाप मारली. सीताफळांची पिशवी कॉटखाली होती. गजाभाऊ पाय बांधून पडले होते, तोंड पांढरं पडलेलं, तरी बोलणं चालूच.

"खडीवर चाक सरकलं अन् गाडी आली ना पायावर! पाय निघेच ना. वरून ऊन. म्हणलं आता गेलं काम. तेवढ्यात हे पिवळं जाकीट आलं. गाडी उचलली, मले सावलीत ओढलं, माहं डोकं मांडीवर घेतलं. डोये मिटले की गालावर चापट! 'गजाभाऊ, झोपू नका, बोला माह्याशी.' असं!"

"अन् आपल्या बोलीत बोलले म्हणे!" मंदाताई डोळे पुसत हसल्या. "सारं पुणं विसरले साडूसाठी."

सगळे हसले. मी भिंतीला टेकून उभा होतो. आता सांगावं, आत्ता सांगावं, असं घशापर्यंत आलं होतं. तेवढ्यात ज्याच्या काळी-पिवळी जीपमधून गजाभाऊंना आणलं तो ड्रायव्हर त्यांचं हेल्मेट द्यायला आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, पोचले का तुमी? गाडी लावून मांगून येतो म्हणले होते ना. सावकाश ने, खड्डे चुकव म्हणून चार डाव सांगतलं तुमी, तसंच आणलं पाहा." मग हसून म्हणाला, "पण एवढ्या उन्हात हेल्मेट नाही काढलं तुमी! मी म्हणलं, याचा जीव कसा राह्यते आतमंधी."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

थोड्या वेळानं सगळे चहाला बाहेर गेले. गजाभाऊंनी मला जवळ बोलावलं. हळू आवाजात बोलले — त्या माणसाला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ते व्हिएतनामचं माह्यापाशीच राहीन. बेफिकीर राह्य."

"कसलं व्हिएतनामचं?"

"तेच. तो शेवटचा मोठा घाट. धुक्यात हातपाय गार पडले, रस्त्यावर बसून रडला, मंग तिथल्या गाईडनं तुले मागं बसवून उतरवलं... अन् खाली आल्यावर गाडीवर बसून फोटो काढले. ते."

हे खरं आहे. शब्दन् शब्द खरा आहे. आणि हे या जगात मला आणि त्या गाईडला सोडून कुणालाही माहीत नव्हतं. सीमालाही नाही. त्या गाईडला मराठी काय, इंग्रजीही धड येत नव्हतं. व्हिडिओत मी छाती ठोकून सांगितलंय की आयुष्यातली सगळ्यात कठीण राईड मी एकट्यानं पूर्ण केली. लोकांनी शाबासकी दिली. शाळेतल्या मास्तरांनी फोन केला होता.

"हे... कुणी सांगितलं तुम्हाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "घाटातच सांगतलं ना," ते म्हणाले. "मले जागं ठेवाले. मी म्हणलं, मले भेव वाटते बे, मी रडून राह्यलो. तं म्हणे, रडा, म्या बी रडलो हाय. अन् मंग हे सांगतलं."

तेवढ्यात मंदाताई चहा घेऊन आल्या आणि बोलणं तिथेच राहिलं.

पुण्याला परतल्यावर मी माझ्या स्वभावाप्रमाणे उत्तरं शोधली. रस्त्याचं काम चालू होतं, म्हणजे कामगार असणार. कामगारही पिवळी जाकिटं घालतात. एखादा भला माणूस धावून आला असेल, वेदनेत गजाभाऊंना तो मी वाटलो असेल. हेल्मेट? कुणी वाटसरू बाईकवाला असेल. जीपवाल्यानं जाकीट बघितलं, चेहरा बघितलाच नाही. सगळं बसत होतं. पुढच्या महिन्यात मुद्दाम जाऊन चौकशीही केली. कामाचा मुकादम म्हणाला, त्या दिवशी काम बंद होतं, वर कोणीच नव्हतं. ठीक आहे, मग वाटसरू. पण वाटसरूला "गजाभाऊ" हे नाव कुठून कळलं? ते एक वेळ त्यांनीच सांगितलं असेल. व्हिएतनाम कुठून कळलं? माझ्या घशातून आजवर न निघालेली गोष्ट त्याच्या तोंडी कशी आली? इथे येऊन माझी सगळी हुशारी संपते.

तोवर इकडे माझं नाव गाजत होतं. सीमानं घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं. आमच्या राईडच्या मंडळींना मी सांगितलं की मला घाटातच कळलं होतं, पण त्यांना काळजी नको म्हणून बोललो नाही... खोट्याला खोटं जोडत गेलो. निखिलनं एकदा विचारलं, "पण तू तर आमच्या पुढे होतास ना रे घाटात?" मी विषय बदलला. तो समजूतदार आहे, पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर ग्रुपनं मला स्वीप केलेलं नाही, एवढंच.

दिवाळीला चिखलीला सासरी गेलो तर अंगणात सतरंजी घातलेली, भाऊबंद जमलेले. मला वाटलं काही पूजा असेल. सासऱ्यांनी मला पाटावर बसवलं आणि सगळ्यांसमोर शेला, टोपी, नारळ! आमच्याकडे हा मान लग्नात व्याह्यांना देतात, किंवा कुणी मोठं काम केलं तर. सासरे म्हणाले, "माह्या मोठ्या पोरीचं कुंकू यानं राखलं. दोन जावई हायेत, पण आज मले दोन पोरं हायेत असं वाटते." त्यांचा आवाज भरून आला. सीमा माझ्याकडे अशी बघत होती, तशी ती लग्नातही बघत नव्हती. आणि मी डोक्यावर ती टोपी घालून, खांद्यावर शेला घेऊन, हात जोडून बसलो होतो. समोर खाटेवर गजाभाऊ, पायाला प्लास्टर, टाळ्या वाजवत होते. उठून पळून जावंसं वाटत होतं.

जेवणं झाली. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा गजाभाऊ एकटेच लिंबाखाली खाटेवर बसले होते. मी शेला घेऊन त्यांच्याजवळ गेलो आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"गजाभाऊ, हा माझा नाही. मी नव्हतो तिथे. तुम्ही पडलात तेव्हा मी खाली व्हिडिओ काढत होतो. मोताळ्याला तुमची वाटही पाहिली नाही. सगळ्यांना सांगितलं की येतील. मलकापूरला फोन आला तेव्हा कळलं, आणि तेव्हाही मी खोटं बोललो. कोण होतं मला माहीत नाही. शप्पथ सांगतो... मी नव्हतो."

बोलताना माझं रडू आवरत नव्हतं. मला वाटलं होतं ते ओरडतील, निदान तोंड फिरवतील. ते शेल्याच्या किनारीवरून बोट फिरवत राहिले.

"मले माहीत हाय," ते म्हणाले.

"काय?"

"तू नव्हता ते. मले तवाच माहीत होतं बे. मी पडलो होतो तिथून खालचा रस्ता दिसते. तू खाली चालला होता. गाडीवर उभा, हात वर, पिवळं जाकीट. मी हाक बी मारली तुले. तू कायले आयकतं! अन् त्याच टायमाले इकडं माहं डोकं याच्या मांडीवर. तेच जाकीट. तोच आवाज. मी खाली पाहो, वर पाहो."

"चेहरा? चेहरा पाहिलात?"

"काळी काच होती. उघड म्हणाले जीभ नाही झाली माही. म्हणलं, बसला हाय तं बसू दे."

"मग सगळ्यांना माझं नाव का सांगितलंत?"

"मंग कोणाचं सांगू?" ते चिडलेच. "साडू खाली व्हिडिओ काढत होता अन् त्याच्यासारखाच एक वर माह्यापाशी बसला होता, असं सांगू? मले येडा म्हणतील. अन् तुह्या बायकोसमोर तुही काय इज्जत राह्यते? माह्या साळीचा संसार हाय तो."

मी त्यांच्या खाटेच्या पायाशी जमिनीवर बसलो. मग ते म्हणाले, "मी त्याले विचारलं होतं. म्हणलं, बे, तू तं तिकडं खाली जाऊन राह्यला, मंग इथं कोण हाय?"

"काय म्हणाला?"

"म्हणे, 'जाऊ द्या त्याले, गजाभाऊ. मी आहो ना.'"

त्यांनी शेल्याची नीट घडी केली, माझा हात ओढून त्यावर ठेवली.

"ठेव तुह्यापाशी. कधी भेटला तो, तं त्याले देजो."

सीमाला मी त्याच रात्री सगळं सांगितलं, व्हिएतनामसकट. ती उठून अंथरुणं घालायला लागली. व्हिएतनामचा व्हिडिओ काढून टाकला. सासऱ्यांना सांगायची हिंमत अजून झालेली नाही. शेला पुण्याला कपाटात आहे. सीमा साड्या आवरताना तो बाजूला काढून ठेवते, आणि काम झालं की पुन्हा होता तिथेच ठेवून देते.